स्वतःच्या कामाला स्वतःच गुण

मंडळी, सावद्यात बोलायचं तर केळीपासूनच सुरुवात करावी. व्यापारी बागेत आला की शेतकरी आपल्या मालाची तारीफ मोकळ्या तोंडाने करतो. त्यात संकोच कसला? घड समोर लटकलेला असतो, खोटं बोललं तर तिथंच उघडं पडतं. आम्हा मास्तर लोकांचा माल असा कुठं लटकत नाही. म्हणून ‘वर्षभरात काय केलं ते लिहा’ असा कागद पुढ्यात आला की आमचा हात अडतो. हे केवळ भिडस्तपणामुळे होतं असं नाही, त्याला इतिहास आहे.

इंग्रजी अमदानीपासून सरकारी नोकराबद्दल साहेब लिही आणि ते गुप्त राही. त्याचं नाव गोपनीय अहवाल, बोलण्यात ‘सीआर’. पुढे त्यात नोकराने स्वतःबद्दल लिहायचा रकाना आला, पण शेवटचा शब्द साहेबाचाच. प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचा, बाकीचे नाही. यातली गोम २००८ साली सर्वोच्च न्यायालयात बाहेर आली. देव दत्त हे सीमा रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाच वर्षं ‘फार चांगला’ असा शेरा लागे, आणि १९९३-९४ साली त्यांना मिळाला होता नुसता ‘चांगला’. तेवढ्यावर त्यांची बढती अडली. तो शेरा त्यांना कळवलाही नव्हता, कारण ‘चांगला’ हा प्रतिकूल कसा म्हणायचा! न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा. २००९ मध्ये केंद्र सरकारने अख्खा अहवाल दाखवायचं ठरवलं आणि त्याच्या नावातला ‘गोपनीय’ शब्द गेला.

आम्हा कॉलेजवाल्यांना खरा पेच पडला २०१० मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांकन आणलं. अध्यापन-परीक्षांचे १२५ पैकी किमान ७५, विस्तारकार्य वगैरेचे ५० पैकी किमान १५, संशोधनाचे वेगळे. गुण आपले आपण मांडायचे, समितीने तपासायचे. आमच्या पिढीने यावर अस्सल मराठी तोडगा काढला: ‘मी’ गाळायचा. ‘मी मुलांना शिकवलं’ असं लिहायला लाज वाटते, मग ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात आले’. कोणी केलं, देव जाणे! अॅरिस्टॉटलने स्वतःबद्दल खरं बोलणारा माणूस दोघांच्या मध्ये ठेवला आहे, एकीकडे बढाईखोर, दुसरीकडे स्वतःला कमी सांगणारा. त्यातला दुसरा त्याला पहिल्याहून बरा वाटे. पण बढती समितीवर काही अॅरिस्टॉटल नव्हता. आमच्यातले एक जण खेड्यांतून येणाऱ्या पोरांना तास संपल्यावर थांबवून वाचायला शिकवत. फॉर्मवर त्याला जागा दिसेना, म्हणून त्यांनी लिहिलंच नाही. गुण कमी पडले. आणि चर्चासत्रात चहापुरते थांबलेल्यांच्या फायली मात्र जाडजूड! पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचंही फावलं, तो वेगळा विषय.

२०१८ च्या नियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांच्या वार्षिक अहवालातली ती आकडेमोड बरीच सोपी केली. आता नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक घेतले की शिकवण्याच्या रकान्यात शेरा ‘चांगला’, ७० च्या वर ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. म्हणजे देव दत्तांची बढती ज्या शब्दावर अडली, तोच शब्द इथं सगळ्यात वरचा. तासाला आत काय घडलं, ते या टक्केवारीत येत नाही.

इथं थांबतो. ज्यांनी यंदाचा फॉर्म अजून भरलेला नाही, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.