टेट्रालॉजी ऑफ फॅलो : बाळाचे घरातले संगोपन

टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात हृदयविकार आहे. त्यात चार दोष एकत्र असतात : हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद, महाधमनी छिद्राच्या वर सरकलेली आणि उजव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड. फ्रेंच डॉक्टर फॅलो यांनी १८८८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. फुप्फुसाकडची वाट अरुंद असल्याने काही अशुद्ध रक्त छिद्रातून थेट शरीरात जाते. त्यामुळे ओठ, जीभ आणि नखे निळसर दिसतात.

आईचा दोष नाही

गरोदरपणात ग्रहण न पाळल्याने असे होते, हा समज निराधार आहे. हृदयाची मूळ घडण पहिल्या आठ आठवड्यांतच होते. बहुतेक बाळांमध्ये ठोस कारण सापडत नाही. काहींमध्ये जनुकीय बदल असतो. पुढच्या गरोदरपणात पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

अचानक निळे पडणे

रडल्यावर, दूध पिताना किंवा शौचाच्या वेळी जोर केल्यावर बाळ एकाएकी गडद निळे पडू शकते. श्वास जलद होतो, बाळ कासावीस होते. अशा वेळी त्याला शांत करत दोन्ही गुडघे छातीशी दुमडून धरावेत. पायांकडचा रक्तप्रवाह अडल्याने शरीराकडचा दाब वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसाकडे वळते. झटका लगेच ओसरला नाही किंवा बाळ मलूल झाले, तर १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. झटका ओसरला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. चालते मूल खेळता खेळता उकिडवे बसत असेल, तर तो आळस नव्हे. ते हाच उपाय आपसूक करत असते.

रोजची काळजी

दूध पिताना बाळ दमते, कपाळावर घाम येतो. म्हणून थोडे थोडे, पण वारंवार पाजावे. उलट्या-जुलाब अंगावर काढू नयेत : शरीरातले पाणी कमी झाले की आधीच दाट असलेले रक्त आणखी दाट होते आणि मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो. या मुलांचे हिमोग्लोबिन जास्त दिसले तरी लोह कमी असू शकते, म्हणून लोहाचीही तपासणी लागते. लसीकरण चुकवू नये. दात स्वच्छ ठेवावेत. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. दंतवैद्याला हृदयविकाराची कल्पना आधीच द्यावी.

शस्त्रक्रिया आणि नंतर

१९४४ साली अमेरिकेत फुप्फुसाकडे रक्त वळवणारी पहिली शस्त्रक्रिया झाली आणि १९५४ साली दोष दुरुस्त करणारी. आज ही दुरुस्ती शक्यतो पहिल्या वर्षातच करतात. त्यानंतर छातीचे हाड जुळेपर्यंत, साधारण सहा आठवडे, बाळाला काखेत धरून उचलू नये. एक हात मानेखाली आणि एक कुल्ल्यांखाली घालावा.

दुरुस्ती झाली म्हणजे तपासणी संपली, असे नाही. अनेकांमध्ये फुप्फुसाच्या झडपेतून रक्त मागे गळत राहते आणि काही वर्षांनी झडप बदलावी लागते. त्रास नसला तरी नियमित इको हवाच. मात्र मुलाला 'हृदयाचा पेशंट' म्हणून कोपऱ्यात बसवू नये. किती धावायचे, हे डॉक्टरांना विचारून शाळेला लेखी कळवावे आणि तेवढे मनसोक्त खेळू द्यावे.

मदत कुठे?

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळेत तपासणी होते. जन्मजात हृदयविकार त्यात येतो आणि पुढील उपचार मोफत मिळतात. चौकशीसाठी अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा जिल्हा रुग्णालयाकडे जावे. ऑपरेशनची आणि इकोची सर्व कागदपत्रे एका फाइलीत जपावीत; मूल मोठे होऊन दुसऱ्या गावी शिकायला गेले, तरी ती सोबत हवीत.