कळपांची वाट आणि राज्यांची सीमा

१७५१ साली स्ट्रॉमस्टाड येथे डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन या दोन राज्यांनी आपली सीमा आखून घेतली. त्याआधी उत्तर स्कँडिनेव्हियात कोणाची सत्ता कुठे संपते, याचा पुरता निवाडा झालेला नव्हता. तिथे राहणारे सामी लोक काही ठिकाणी एकाहून अधिक राजांना कर भरत. बाहेरचे लोक त्यांना ‘लॅप’ म्हणत; हा शब्द आज अवमानकारक मानला जातो.

नवी सीमा नेमकी त्यांच्या वाटेवर आली. हिवाळ्यात रेनडिअरचे कळप आतल्या जंगलात बर्फाखालचे दगडफूल खातात आणि उन्हाळ्यात पर्वत ओलांडून नॉर्वेच्या किनाऱ्याकडे जातात. वर्षाचे एक घर सीमेच्या अलीकडे, दुसरे पलीकडे. सीमा बंद झाली असती तर हे जीवनच संपले असते.

म्हणून सीमाकराराला तीस कलमांची एक पुरवणी जोडली गेली. तीच ‘लॅप कोडिसिल’. सामींनी जुन्या रिवाजाप्रमाणे कळपांसह वसंतात आणि शरदात सीमा ओलांडावी, पलीकडची जमीन आणि किनारा वापरावा, कर मात्र एकाच राज्याला द्यावा, असे तीत ठरले. दोन्ही राज्यांत युद्ध पेटले तरी ही ये-जा थांबायची नव्हती. स्थलांतरितांमधील आपसांतील तंटे सामी पंचांना सोबत घेऊन सोडवायचे होते. राजे उदार झाले म्हणून हे घडले असे मानण्याचे कारण नाही. करदाती प्रजा आणि उत्तरेतील शांतता दोघांनाही हवी होती. शिवाय सीमेची चौकशी करणाऱ्या पेटर श्निट्लर या अधिकाऱ्याने १७४०च्या दशकात सामींच्याही शपथेवरील साक्षी नोंदवल्या होत्या. वाटा कोणाच्या, हे दप्तरी होते.

पुढच्या इतिहासात ही पुरवणी सामींची ‘मॅग्ना कार्टा’ म्हणून गौरवली गेली. पण तिचा खरा कस राज्यांचे संबंध बदलले तेव्हा लागला. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेले. १८५२ मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा कळपांना बंद झाली आणि १८८९ मध्ये स्वीडन-फिनलंड सीमाही. शतकानुशतकांच्या वाटा दोन सरकारांच्या वादात तुटल्या.

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. शेतीचा विस्तार करू पाहणाऱ्या नव्या राष्ट्राला पलीकडून येणारे कळप उपद्रव वाटू लागले. १९१९च्या करारात दोन्ही सरकारांनी येणाऱ्या जनावरांच्या संख्येवर कडक मर्यादा घातल्या. कळप कमी झाले की माणसे उरतात. स्वीडनच्या अधिकाऱ्यांनी उत्तरेकडील अनेक कुटुंबांना दक्षिणेकडे हलवले. तिथे आधीच दुसरे सामी पशुपालक होते आणि त्यांची बोली निराळी होती. दोन सरकारांच्या ‘सहकार्या’ने एक समाज स्वतःच्याच भाईबंदांच्या कुरणात परका ठरला.

१७५१ आणि १९१९ या दोन्ही वेळी सरकारे एकत्र बसली होती. पहिल्या वेळी त्यांनी चालत आलेला हक्क लिहून ठेवला. दुसऱ्या वेळी तो आपण दिलेली सवलत आहे असे धरून मोजून कापला.

हा भेद न्यायालयांनीही ओळखला. स्वीडनच्या सामी पशुपालक संघांची कुरणे नॉर्वेतील आल्तेवात्न येथील वीजप्रकल्पात बुडाली, तेव्हा १९६८ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरपाईचा हक्क मान्य केला. हा हक्क करारातून नव्हे, तर दीर्घकाळच्या वापरातून आला आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०२१ मध्ये सारिवुओमा या स्वीडिश संघाच्या खटल्यातही त्याच न्यायालयाने नॉर्वेतील त्यांचा चराईचा हक्क मान्य केला.

आता नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या तिन्ही देशांत सामी संसदा आहेत. नॉर्वेचे माजी सरन्यायाधीश कार्स्टेन स्मिथ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००५ मध्ये ‘नॉर्डिक सामी करारा’चा मसुदा दिला. त्या समितीत सामी प्रतिनिधीही होते. २०१७ मध्ये वाटाघाटींतून मजकूर ठरला. सामी संसदांनी त्यात दुरुस्त्या मागितल्या आणि गाडी तिथेच अडली. १७५१ मध्ये सामींची साक्ष घेतली गेली होती, पण सही राजांचीच होती. या वेळी प्रश्न सहीचाही आहे.