उंचावरून टिपलेली मुंबई : राजाबाई टॉवर ते मोहने

मुंबईत छायाचित्रण रुजले तेव्हा शहर वरून पाहण्याजोग्या जागा मोजक्याच होत्या. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ मध्ये झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामणी यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाले. शहराचे विस्तृत दृश्य हवे असेल तर मात्र मलबार हिलसारखी टेकडी गाठावी लागे.

यामागे तंत्राचीही अडचण होती. त्या काळी ओल्या काचेची पद्धत चालत असे. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुऊन काढायची. मुंबईच्या उन्हात तेवढी मिनिटेही मिळत नसत. कॅमेऱ्याशेजारी काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी लागे. टेकडीवर हे सामान हमालांकरवी नेता येई. अरुंद गोल जिन्याने मनोऱ्यावर चढवणे जिकिरीचे होते.

विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची पायाभरणी १८६९ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी मुंबई कधीच पाहिली नव्हती. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपयांची देणगी देऊन मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. याच सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या. आधीच थर दिलेल्या काचा पेटीतून वर न्यायच्या आणि सावकाश स्टुडिओत धुवायच्या, एवढे सोपे काम झाले. कॅमेरा थोडाथोडा फिरवत ओळीने चित्रे घ्यायची आणि छापल्यावर ती शेजारी शेजारी जोडायची, या पद्धतीने शहराचा सलग पट्टा उभा करता येई.

मनोरा उभा राहिला ती एस्प्लनेडची जागा कोटाबाहेरची. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेल्यावर तिथे सरकारी इमारतींची रांग उठली: दक्षिणेला १८७४ चे सचिवालय, उत्तरेला १८७८ चे उच्च न्यायालय, मधोमध विद्यापीठ. पूर्वेकडे फोर्टमधली दाटीवाटीची छपरे आणि त्यांच्या पलीकडे बंदर दिसे. पश्चिमेकडे मोकळे मैदान, त्यानंतर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे रूळ आणि रुळांना जवळजवळ खेटून बॅकबेचे पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतली या मनोऱ्यावरची छायाचित्रे आज महत्त्वाची ठरतात ती मुख्यतः या पश्चिम बाजूमुळे. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकात, बॅकबेच्या भरणीचे काम हाती घेतले गेले. ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेला १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारतींची भिंतच उभी राहिली आणि समुद्र तिच्या मागे गेला. गॉथिक इमारती आणि ही नवी रांग २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्रच नोंदवल्या गेल्या. एकीने दुसरीचे समुद्रदर्शन हिरावले होते, हे त्या यादीवरून कुणाला कळणार नाही.

पुढे शहराचे लोकप्रिय चित्र पुन्हा टेकडीवरून घेतले जाऊ लागले. मलबार हिलवर १९५२ मध्ये कमला नेहरू पार्क झाले आणि तिथून दिसणारा मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा अर्धगोल पोस्टकार्डांवर आणि कॅलेंडरांवर ठरून गेला. नरिमन पॉइंटला १९७४ मध्ये एअर इंडियाची इमारत झाली, तेव्हा समुद्राच्या कडेवरून मागे शहराकडे पाहण्याची सोय झाली. बदलाची नोंद म्हणून या चित्रांचा उपयोग बेताचाच. त्यांत तोच रस्ता, तेच दिवे आणि तोच कोन; खरी उलथापालथ चालू होती ती गिरणगावात. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट सुरू झाल्याच नाहीत. गिरण्यांच्या जमिनींचे नियम १९९१ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये बदलले आणि धुराड्यांच्या जागी टॉवर आले. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन २८० मीटरचा आहे. राजाबाईचा आकडा तोच, पण तो फुटांतला. आता गिरणगावाचे वरून घेतलेले चित्र त्या मजल्यांवर राहणाऱ्यांच्या फोनमध्ये असते.

व्हिएतनाममधल्या सायगावात, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहरात, उंच जागांची अशीच चढाओढ अधिक वेगाने झाली. युद्धकाळात १९५९ च्या कॅरावेल हॉटेलची गच्ची परदेशी बातमीदारांची ठरलेली जागा होती. २०१० मध्ये २६२ मीटरचा बिटेक्स्को टॉवर झाला आणि त्याच्या ४९ व्या मजल्यावर प्रेक्षकसज्जा उघडला. आठच वर्षांत ४६१ मीटरच्या लँडमार्क ८१ ने त्याला बुटके ठरवले.

मुंबईत गिरण्यांच्या जागी टॉवर येण्याचा बदल आता उल्हास नदीपर्यंत पोचला आहे. कल्याण–कसारा मार्गावरील आंबिवली स्थानकाजवळचे मोहने गाव ओळखले गेले ते नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनमुळे, लोकांच्या तोंडी ‘एनआरसी’. कारखाना, कामगारांची वसाहत आणि त्यांच्यावर चालणारा बाजार असे ते गाव होते. ते ज्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते ती १९८३ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती. एनआरसी २००९ मध्ये बंद पडली, कामगारांची देणी रखडली आणि पुढे जमीन अदाणी समूहाकडे गेली. गिरणगावात जे घडले त्याचीच ही उपनगरी आवृत्ती. फरक इतकाच की गिरणगावची धुराडी पुष्कळांनी टिपली होती.

अशा ठिकाणी गच्चीवरचे चित्र उपग्रहाच्या चित्रापेक्षा वेगळे काही सांगते. उपग्रहाला जमिनीचा आकार दिसतो. मजले मोजायचे, पत्र्याची छपरे आणि नवी काचेची दर्शनी बाजू वेगळी ओळखायची, तर तिरका कोन लागतो. तुलना करायची असेल तर जागा, मजला, भिंगाचे नाभीय अंतर आणि महिना या चारही गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. लांब पल्ल्याच्या भिंगात दूरचे टॉवर जवळच्या चाळीला चिकटल्यासारखे दिसतात आणि दाटी आहे त्याहून जास्त भासते. ऋतूचाही फरक पडतो: पावसाची सर ओसरल्यावर मलंगगडाकडचे डोंगर स्वच्छ दिसतात, तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी धुरक्यात तेच पुसले जातात. २०२१ च्या नियमांनुसार ड्रोनला हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे पाळावे लागतात. गच्चीला मात्र सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी पुरते, मिळाली तर.