दोन विजय

दुसरबीडला आमच्या घरी रेडिओ एकच होता आणि पक्ष दोन. वडील विजय हजाऱ्यांचे, काका विजय मर्चंटचे. दोघांपैकी एकानंही त्यांना मैदानावर खेळताना पाहिलं नव्हतं. विविधभारतीवर मर्चंट यांचा रविवारचा क्रिकेटचा कार्यक्रम लागला की काका आवाज वाढवत, आणि वडिलांना नेमकं तेव्हाच गोठ्यातलं काम आठवे!

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये लेकर्सचा मॅजिक जॉन्सन आणि सेल्टिक्सचा लॅरी बर्ड यांची चुरस १९८०च्या दशकात जगभर गाजली. आपल्याकडे ही गोष्ट त्याआधी चाळीस वर्षं घडून गेली होती.

मर्चंट मुंबईच्या गिरणीमालकांच्या घरातले. हजारे सांगलीचे, ख्रिस्ती कुटुंबातले; बडोद्याच्या महाराजांच्या पदरी नोकरी करून खेळणारे. त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावार संघांत होई. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले सगळे ‘रेस्ट’, म्हणजे शेष संघात. मराठी बोलणारे हजारे म्हणूनच ‘उरलेल्यां’त! १९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी सल्ल्यासाठी वर्ध्याला गांधीजींकडे गेली, तेव्हा त्यांनी अशा सामन्यांना विरोधच दर्शवला. तरीही स्पर्धा १९४६पर्यंत चालू राहिली. लोकांना ती हवी होती, हेही खरंच.

१९४३च्या मोसमात या दोघांनी कहर केला. स्पर्धेतला विक्रम मर्चंट यांच्या नाबाद २४३ धावांचा. हजाऱ्यांनी मुस्लिम संघाविरुद्ध २४८ काढून तो मोडला. लगेच अंतिम सामन्यात, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, मर्चंट यांनी हजाऱ्यांच्याच संघाविरुद्ध नाबाद २५० केल्या. हिंदूंचा डाव ५ बाद ५८१वर घोषित झाला. शेष संघ १३३त गारद होऊन फॉलोऑनला आला. सामना तिथंच संपला होता, पण हजारे संपले नव्हते. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक याच्यासह त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेकच्या धावा २१. मला त्या ३०९पेक्षा हे २१च जास्त भावतात. समोर थोरला भाऊ झुंजतो आहे आणि आपण फक्त टिकून राहायचं, हे सोपं काम नव्हे. सामना मात्र हिंदूंनी एक डाव ६१ धावांनी जिंकला.

त्याच मोसमात मर्चंट यांनी रणजी सामन्यात मुंबईकडून नाबाद ३५९ केल्या. हजाऱ्यांचा नाबाद ३१६चा भारतीय विक्रम मागं पडला. गंमत अशी, की ३१६ हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून काढल्या होत्या आणि ३५९ मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध!

पुढं १९५१ साली दिल्लीला इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत दोघं एका बाजूनं उभे राहिले. तिसऱ्या गड्यासाठी २११ धावा. मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. मर्चंट यांची ती शेवटची कसोटी. क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला.

“दहा जास्तच,” वडील म्हणत.

“भागीदारीतल्या धावा वेगळ्या मोजतात का?” असं म्हणून काका रेडिओ बंद करत.