गिल सान्सचं काय करायचं?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्टचं मुखपृष्ठ मी गिल सान्स या फॉन्टमध्ये केलं होतं. टाइम्स न्यू रोमनचा कंटाळा आला होता आणि ही अक्षरं स्वच्छ, ठाम दिसत होती. गिल हे माणसाचं नाव आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. नोकरीत एकदा फॉन्टचे परवाने तपासायचं काम अंगावर आलं, तेव्हा ते कळलं.

एरिक गिल (१८८२–१९४०) हा इंग्लंडमधला शिल्पकार आणि अक्षरकार. मोनोटाइप कंपनीने १९२८ साली त्याचा हा टाइप बाजारात आणला. पेंग्विनची सुरुवातीची मुखपृष्ठं, पुढे बीबीसीचा लोगो, सगळीकडे हीच अक्षरं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथिड्रलमध्ये ख्रिस्ताच्या क्रूसयात्रेची चौदा शिल्पं त्याचीच. भारतीय शिल्पाचं त्याला विलक्षण वेड होतं. स्वर्गाला जायची वाट घारापुरी, वेरूळ, अजिंठ्यावरून जाते, अशा अर्थाचं त्याने एका मित्राला लिहिलं होतं. हे वाचून मला क्षणभर अभिमान वाटला होता, हे कबूल करतो.

१९८९ मध्ये फिओना मॅकार्थी यांनी त्याचं चरित्र लिहिलं. गिल रोज डायरी लिहायचा. आपल्या दोन मोठ्या मुलींवर, त्या किशोरवयात असताना, त्याने लैंगिक अत्याचार केल्याच्या नोंदी तीत आहेत. बहिणींशी संबंध होते. घरच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. १९६६ मध्ये रॉबर्ट स्पेट यांनी लिहिलेल्या चरित्रात मुलींबद्दलचं हे काहीच नव्हतं.

अशा वेळी आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं: आजच्या चष्म्यातून कालच्या माणसाकडे बघू नका. बऱ्याच ठिकाणी हे वाक्य मला पटतं. इथे मात्र तारखा आडव्या येतात. मुलीशी किंवा बहिणीशी शरीरसंबंध हा इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. संमतीचं वय १८८५ पासून सोळा होतं. गिलच्या थोरल्या दोन मुली १९०५ आणि १९०६ च्या. म्हणजे त्या किशोरवयात आल्या त्याच्या कितीतरी आधी कायदा झालेला होता. गिल स्वतः १९१३ मध्ये कॅथलिक झाला आणि कुटुंब, श्रम, पावित्र्य यांवर आयुष्यभर लिहीत राहिला. चष्मा आजचा नाही, त्याचाच आहे. १९८९ मध्ये नवी नीती आली नव्हती. कुणीतरी डायरी वाचून जे दिसलं ते छापलं, इतकंच. आणि ‘त्या काळची माणसं’ म्हणताना आपण नेहमी गिलच का धरतो? त्या मुलीही त्याच काळातल्या होत्या.

मग कामांचं काय? सरसकट उत्तर मला सापडत नाही. गिल सान्सच्या अक्षरांत मला गुन्हा दिसत नाही. त्यांचा पाया तर त्याचे गुरू एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेल्या अक्षरांत आहे. माणूस १९४० मध्येच गेला, फॉन्ट बदलून त्याचं काही बिघडणार नाही. पण १९२३ चं त्याचं एक लाकडी ठशाचं चित्र आहे, आंघोळ करणारी मुलगी. ती मुलगी पेट्रा, त्याची दुसरी लेक. रेषा अप्रतिम आहेत. त्या डायरीनंतर मात्र हे चित्र नुसतं रेषांचं राहत नाही, कारण इथे बघणारा तोच आहे.

कॅथिड्रलमधली शिल्पं काढा अशी मागणी १९९८ मध्ये अत्याचार सोसलेल्यांच्या एका संघटनेने केली. ती मान्य झाली नाही. मी असतो तर मान्य केली असती. त्या शिल्पांसमोर थांबून लोक प्रार्थना करतात, आणि त्यांत असं काही सोसलेलं कुणीही असू शकतं. बघायची ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी संग्रहालयं आहेतच. बीबीसीच्या इमारतीवर गिलने घडवलेला नग्न एरियल आहे. २०२२ च्या जानेवारीत एक जण शिडीने चढून त्यावर हातोडा चालवत होता, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हातोडा मला पटत नाही. दगड फुटला की त्याबरोबर प्रश्नही नजरेआड होतो.

गोष्ट आणखी अवघड करते ती पेट्रा. ती पुढे नावाजलेली विणकर झाली, १९९९ मध्ये वारली. म्हातारपणी या सगळ्याविषयी ती मोकळेपणाने बोलली, तीही वडिलांवर राग न धरता. तिने माफ केलं म्हणून आपण गप्प बसायचं, की तिच्या वतीने तिच्याहून जास्त संतापायचं? मला दोन्ही उद्धटपणाचं वाटतं.

ससेक्समधल्या डिचलिंग गावी गिल बरीच वर्षं राहिला. तिथल्या संग्रहालयाने २०१७ मध्ये हा विषय न टाळता त्याच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. त्यात एक लाकडी बाहुलीही होती. १९१० मध्ये गिलने ती कोरली होती, चार वर्षांच्या पेट्राला खेळायला.