सोडविलेली मिठी

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध झाला. या घटनेची चर्चा आपण बहुधा एका अक्षराभोवतीच करीत आलो आहोत. 'धरावे'चे 'मारावे' कोणी केले, हा प्रश्न नाटककारांना आणि कादंबरीकारांना पुरून उरला. आनंदीबाईंवरील तो आरोप निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. परंतु त्या वादात याहून अवघड प्रश्न मागे पडला.

ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासातील वृत्तांतानुसार, त्याच दिवशी सकाळी पेशव्यांनी हरिपंत फडक्यांजवळ आपली शंका बोलून दाखविली होती. हरिपंत भोजनास गेले. बंदोबस्त परतल्यावर करावयाचा होता. पुढे गारदी वाड्यात शिरले, तेव्हा नारायणराव धावत जाऊन चुलत्यांना बिलगले. रघुनाथरावांनी त्यांच्यासाठी रदबदलीही केली. परंतु पुतण्याला सोडा, नाहीतर त्याच्यासह मराल, असे सुमेरसिंगाने बजावताच त्यांनी ती मिठी सोडविली. त्यानंतर चाफाजी टिळेकर हा सेवक निःशस्त्र आत धावला. नारायणरावांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि दोघेही मारले गेले.

या तिघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. हरिपंतांकडून दिरंगाई घडली. तीत द्वेष नव्हता. रघुनाथरावांच्या बाजूने म्हणता येईल की, दुसऱ्यासाठी स्वतःचा प्राण द्यावा अशी सक्ती कोणावर करता येत नाही. वाटेवरच्या परक्या माणसाच्या बाबतीत हा युक्तिवाद मान्यही होईल. परंतु येथे संकट ज्यांनी ओढवून आणले, त्यांच्याच गळ्यात संकटग्रस्ताचे हात पडले होते. मूळ आज्ञा केवळ कैदेची होती असे धरले, तरी तलवारी उपसल्यावर पुतण्याला वाचविण्याची जबाबदारी सर्वांआधी त्यांचीच होती. म्हणून अक्षराचा निवाडा काहीही लागो, त्या मिठीचा निवाडा बदलत नाही.

रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशीअंती रघुनाथरावांना देहांत प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. सत्तेवर असलेल्याला दोषी ठरवून तेथेच सेवा करीत राहणे त्यांना मान्य नव्हते.

चाफाजीला धनी वाचविता आला नाही. त्याच्यासारखे मरण पत्करावे अशी अपेक्षा सर्वांकडून करता येणार नाही. मात्र त्या दालनात अधिकार एकाजवळ होता आणि कर्तव्यबुद्धी दुसऱ्याजवळ, ही नोंद इतिहासकाराने टाळता कामा नये.