नोटेवरील मुद्रा आणि सेवाग्रामची कुटी

छायाचित्रावरून काढलेलें व्यक्तिचित्र म्हणजे उसनी कला, असें आपल्याकडील पुष्कळ रसिक समजतात. आम्हांस हें मान्य नाहीं. कॅमेरा समोर असेल तें सर्व टिपतो. त्यांतील काय ठेवावें व काय गाळावें, याचा निवाडा चित्रकारासच करावा लागतो.

गांधीजी १९३६ सालीं वर्ध्याजवळील शेगांवीं राहावयास गेले. १९४० सालीं त्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव कनू गांधी यांस त्यांचीं छायाचित्रें घेण्याची मोकळीक मिळाली, ती तीन अटींवर: फ्लॅशचा दिवा वापरावयाचा नाहीं, गांधीजी त्यासाठीं मुद्दाम बसणार नाहींत, आणि आश्रम खर्च देणार नाहीं. म्हणून त्या छायाचित्रांत कुटींतील मंद उजेड व कामांत गढलेला माणूस आला.

अशा छायाचित्रांनीं लोकांच्या मनांत ठसलेली बैठी मुद्रा १९६९ सालीं, जन्मशताब्दीनिमित्त, रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर उतरली. तिच्यामागें सेवाग्रामचा आश्रम होता. १९९६ सालापासूनच्या नोटांवर मात्र १९४६ सालच्या एका छायाचित्रांतील हंसरा चेहरा घेतला. मूळ चित्रांत शेजारीं असलेले लॉर्ड पेथिक-लॉरेन्स गळाले, आणि स्थळहि गळालें.

ओळख पटण्यास चेहरा पुरेसा आहे. परंतु तो माणूस कोठें व कसा राहत असे, हें कुटीवांचून कळत नाहीं. आमच्या मतें व्यक्तिचित्र म्हणून १९६९ चेंच चित्र अधिक खरें. सेवाग्रामास जाणाऱ्या वाचकानें खिशांतील नोट त्या कुटीसमोर धरून याचा पडताळा घ्यावा.